लाल फडक्याचे खुंटे

[पहाट. आळंदीचा घाट.]

या आजी बघा. हाताने फेस बाजूला सारतायत, एकदा, दोनदा, फेस परत येतोय, मग तशीच बाटली बुडवली आणि झाकण लावलं. गावी न्यायचंय म्हणाल्या, इंद्रायणीचं तीर्थ. "माऊली, पिऊ नका हं कुणी," एवढंच मला बोलता आलं, त्या हसल्या फक्त.

हा फेस येतो कुठून, तर साबण, डिटर्जंट आणि कारखान्यातली धुण्याची रसायनं पाण्यात मिसळलेली असतात, पाणी बंधाऱ्यावरून खाली आदळलं की त्यात हवा अडकते आणि फेस होतो. म्हणजे बंधाऱ्यावर तो फक्त दिसतो, ही रसायनं पाण्यात आधीपासूनच असतात. आणि खरं सांगायचं तर सगळंच काही कंपन्यांचं नाही, आपल्या सोसायट्यांचं, गावांचं मैलापाणी पण त्यात आहे. ही जलपर्णी माजलीय ना, ती त्याच्यावरच पोसते.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम, मग मावळ, देहू, मोशी, आळंदी, आणि तुळापूरला भीमेत संगम. साधारण शंभर किलोमीटरची नदी. देहूच्या डोहात महाशीर असायचे, देवाचे मासे म्हणून कुणी धरत नसे. महाशीर म्हणजे या भागातलाच मासा, त्यातल्या एका जातीची शास्त्रीय नोंद १८३९ साली झाली ती आपल्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज देहूच्या खाली उतरलात तर चिलापी मिळेल, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा.

[ओढा. रविवार सकाळ. घमेली, टिकाव, पोरं.]

आमची गोष्ट मात्र या ओढ्याची आहे. देहू आणि आळंदीच्या मध्ये कुठेतरी तो इंद्रायणीला मिळतो, नकाशात त्याला धड नाव पण नाही. सहा वर्षांपूर्वी इथे पाणी दिसतच नव्हतं. राडारोडा, गाद्या, थर्माकोल, कोंबड्यांची पिसं, लोकं ट्रॅक्टर उलटे लावून टाकून जायची. पहिल्या रविवारी आम्ही ११ जण होतो. मग शाळेतली पोरं आली, भजनी मंडळातले काका आले, सोसायटीतल्या ताई आल्या, आणि एका शेतकरी दादांनी त्यांचा जेसीबी डिझेलच्या पैशात दिला, तो दिवस मी विसरणार नाही.

कचरा काढणं सोपं असतं हो, पुढचं अवघड. काठाला धरून ठेवायला मुळं लागतात. मग कुणीतरी म्हणालं वाळुंज लावा. वाळुंज म्हणजे आपल्या नद्यांच्या काठचं जुनं झाड, हाताएवढी फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की बहुतेक वेळा मुळं धरते. आम्ही काठाने वाळुंज खोचले, वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठ ढासळायचा थांबला. तिसऱ्या वर्षी दगड उचलला तर खाली खेकडा! पोरं एवढी ओरडली की पलीकडच्या शेतातले लोक धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मग खंड्या आला, हिवाळ्यात धोबी पक्षी दिसायला लागला. हे आम्ही केलंय असं नाही म्हणणार मी, पण ओढ्याला वाट मोकळी करून दिली एवढं नक्की.

[ओढ्याची वरची बाजू. पत्र्याची शेड.]

आता वर बघा. हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं. शेत होतं इथे, ज्वारी असायची. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीतली हजारो अनधिकृत शेड आणि गोडाऊन पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली, त्यानंतर आमच्या बाजूला भराभर पत्रे चढायला लागले. काम करणारी माणसं पण पोटासाठीच येतात, त्यांच्याशी आमचं काहीच भांडण नाही. आमचा प्रश्न एकच आहे, आतलं पाणी जातं कुठे.

एका मंगळवारी सकाळी एक काका फोनवर म्हणाले, "लवकर ये, वास येतोय." गंजलेला खिळा तोंडात धरल्यासारखा वास होता. पाणी हिरवट. पीएचची पट्टी बुडवली तर क्षणात लालभडक झाली, म्हणजे ॲसिड. आणि खेकडे, दगडांच्या कडेला, उताणे पडलेले, नांग्या वर. शाळेतली एक मुलगी एकेक उचलून बादलीत ठेवत होती, मोजत होती, सत्तावीसवर थांबली ती.

आम्ही फोटो काढले, पाणी बाटलीत भरलं, तक्रार दिली. अधिकारी आले नवव्या दिवशी, तोवर पाणी वाहून गेलं होतं आणि नमुन्यात फारसं काही सापडलं नाही. ते कुणाच्या शेडमधलं पाणी होतं हे आजही कागदावर नाही.

प्लेटिंगच्या कामात, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवताना, ॲसिड, निकेल, क्रोमियम वापरतात. मैलापाण्याचा प्लांट जिवाणूंवर चालतो, तिथे असलं पाणी शिरलं की ते जिवाणूच मरतात, आणि धातू तर तसाही नीट निघत नाही. म्हणजे खाली कितीही मोठे प्लांट बांधा, हे पाणी जिथे तयार होतं तिथेच शुद्ध व्हायला पाहिजे.

आणि कायद्याचं म्हणाल तर राज्यात नदीपासून किती अंतरावर कुठला कारखाना चालेल हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं, २००० सालचं, ते २०१५ मध्ये रद्द झालं. आता पूररेषा उरल्यात, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. पण पूररेषा पाणी किती चढेल ते सांगते, त्यात काय सोडलं जाईल ते नाही. मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते, पत्र्याच्या शेडला कोण विचारतंय? ज्यांनी सहा वर्षं ओढ्यात उभं राहून गाळ काढला त्यांना परवानगी देण्याआधी एकदा बोलवा, पाणी कुठून कुठे वाहतं ते आम्ही चालत दाखवू, एवढीच आमची मागणी आहे आणि ती आम्ही लेखी दिलीय.

[वाळुंजाची झाडं, जवळून.]

पाच महिन्यांनी परत एक खेकडा दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा. वाळुंज तगले, फक्त खालच्या ओळीतले सात वाळले.

मागच्या रविवारी त्या सात जागी नवीन फांद्या खोचायला गेलो तर काठापासून तीस पावलांवर खुंटे ठोकलेले होते, वर लाल फडकी बांधलेली. मोजणी झालीय. पोरांनी विचारलं, दादा आता लावायचं का नाही?

आम्ही खुंट्यांचे फोटो काढले, तारीख घातली, आणि फांद्या भिजवायला घमेल्यात पाणी भरलं.