जुना सिकल मोवर घास कापत नाही? नवीन पाती आणण्याआधी हे तपासा

नमस्कार मंडळी!

हा बघा, ट्रॅक्टरच्या मागे थ्री-पॉइंट जोडणीला लावायचा जुना सिकल मोवर, म्हणजे सरकत्या पात्यांनी घास कापायचं यंत्र. कापणीचा बार 6 फुटांचा, पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्र फिरवणारा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांचा. तक्रार नेहमीचीच. लसूणघासात घातला की थोडा कापतो, थोडा नुसता लोळवतो आणि आतल्या टोकाला सारखा तुंबतो. मग आपण काय करतो? सगळी पाती नवीन टाकतो. चार दिवस बरं चालतं, की पुन्हा तेच रडगाणं.

हात लावण्याआधी पीटीओ काढा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका. आणि हे नीट ऐका: इंजिन बंद असलं तरी कुणी मोवरचं फ्लायव्हील, म्हणजे हे जड चाक, हाताने फिरवलं, तर इकडे पातं सरकतं. तेवढ्यात बोट जातं. म्हणून दोघं काम करत असाल तर एकमेकांना आवाज देऊनच फिरवा.

(कॅमेरा बारच्या जवळ)

हे पुढे आलेले टोकदार गार्ड. त्यांच्या फटीतून ही तिकोनी पात्यांची पट्टी डावी-उजवीकडे धावते. अमेरिकेत ओबेड हसी यांनी 1833 साली ज्या कापणी यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात हीच युक्ती होती. आज आपल्याकडे सोयाबीन काढायला येणाऱ्या हार्वेस्टरच्या तोंडातही हीच आहे.

आता गार्डच्या आत बोटाने नाही, टॉर्चने बघा. खाली ही पोलादी पट्टी दिसते? ही लेजर (ledger) प्लेट. कात्रीचं एक पातं वर धावतंय आणि दुसरं ही प्लेट आहे. हिची कड गोल झाली असेल, तर वर कितीही धारदार पातं टाका, घास दोघांच्या मध्ये दुमडून जाणारच. बहुतेक जुन्या मशिनांचं दुखणं इथेच असतं आणि इथेच कुणी बघत नाही. कड गोल झाली असेल तर प्लेट बदला. प्लेट सुटी मिळत नसेल तर गार्डच बदला.

प्लेट चांगली असेल, तर वरून पातं दाबून धरणाऱ्या या क्लिपा बघा. पातं प्लेटला टेकून चाललं पाहिजे. क्लिप आणि पातं यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरची फट हवी, त्याहून थोडी कमीच. जास्त असेल तर क्लिपेवर हातोडीने हलके ठोके द्या आणि दर दोन ठोक्यांनंतर पट्टी हाताने सरकवून बघा. अडकायला लागली म्हणजे जास्त झालं. या कामाला एक रुपया खर्च नाही, आणि कित्येक मशिनं एवढ्यावरच सुधारतात.

आता वाकलेला गार्ड कसा ओळखायचा? बारच्या टोकाशी बसून एका डोळ्याने रांग बघा. एखादा वर किंवा खाली गेला असेल तर त्याच्या टोकावर पाइप चढवून सरळ करा.

पातं खरंच तुटलं असेल तर तेवढंच बदला. पातं पट्टीला धरून ठेवणारे रिव्हेट ग्राइंडरने घासत बसू नका, पट्टी पातळ होते. पट्टी कडेवर उभी करून वाईसच्या एका जबड्यावर टेकवा, पातं दोन जबड्यांच्या मध्ये खाली लोंबकळू द्या. वाईस आवळायचा नाही. डोळ्यांना गॉगल लावा. आता पात्याची ही मागची कड वर आली आहे, तिच्यावर हातोड्याचा एक सरळ दणका!

(दणका, पातं खाली पडतं)

बघितलं? रिव्हेट जागच्या जागी कातरले. उरलेले तुकडे पंचाने बाहेर काढा. साधारण पाती 3 इंची असतात, त्यामुळे हार्वेस्टरचे पार्ट विकणाऱ्यांकडे मिळू शकतात. पण जुनं पातं सोबत न्या आणि भोकांचं अंतर, जाडी जुळवूनच घ्या.

आता बारचा कोन. बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे हवं, दर फुटाला पाव इंच. म्हणजे आपल्या 6 फुटी बारला दीड इंच. कारण घासाच्या रेट्याने बार मागे ढकलला जातो आणि तेव्हा तो काटकोनात येतो. टोक हाताने मागे ओढून ढिलाई काढा, मगच मोजा. पुढे येत नसेल तर बिजागरीची पिन आणि बुश झिजलेत.

कोन जमल्यावरच पात्याची जुळणी करा. फ्लायव्हील हाताने फिरवा. पट्टी एका टोकाला पोचली की प्रत्येक पात्याचा मध्य गार्डच्या मध्याखाली यायला हवा, दुसऱ्या टोकालाही तसंच. एकीकडे अर्धा इंच पुढे जातंय आणि दुसरीकडे कमी पडतंय, तर कापणी ओबडधोबड होते. काही मशिनांत पात्याला हलवणाऱ्या दांड्याची लांबी आट्यांवर कमी-जास्त करता येते, काहींत अख्खा बार सरकवावा लागतो.

दांड्याचं निघालंच आहे तर सांगतो. क्रँकपासून, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या खुंटीपासून, पात्याकडे जाणारा हा दांडा लाकडी आहे. मोडला की वेल्डरकडून लोखंडी अँगलचा करून घेतात. कृपा करून असं करू नका! पात्यात दगड किंवा तार अडकली तर लाकूड मोडावं आणि क्रँक वाचावा, यासाठीच तो लाकडी असतो. सुताराकडून वाळलेल्या, गाठ नसलेल्या, सरळ रेषांच्या बाभळीचा करून घ्या, जुन्याच्याच मापाचा. कंपनीनेच लोखंडी दिला असेल तर मात्र तसाच ठेवा.

शेतात जाताना घासाबाहेरच पीटीओ जोडा, रेस वाढवून पूर्ण वेगावर आणा आणि मग आत शिरा. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की पीटीओही थांबतो, आणि घासात थांबलेलं पातं तुंबणारच. म्हणून दाट पट्टा यायच्या आधीच खालचा गिअर टाका.

दहा मिनिटं कापून झाली की थांबा, सगळं बंद करा, आणि दांडा जिथे पात्याला जोडलाय तिथे हात लावून बघा. कोमट असेल तर चालू द्या. चटका बसला तर क्लिपा जरा सैल करा, तिथला बोल्ट आणि बुश तपासा, आणि मगच उरलेला घास कापायला घ्या.