अर्धा सेकंद आणि एप्रिलची आवृत्ती

[दृश्य: काळा टर्मिनल, लॉगिनची ओळ, लुकलुकणारा कर्सर]

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होते. संगणकावर डेबियन होतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा एक अवतार, तेही ‘अनस्टेबल’ शाखेतलं. म्हणजे रोज बदलणारं, अजून सर्वसामान्यांच्या हाती न दिलेलं. मोजमापात गडबड नको म्हणून यंत्रावरची इतर कामं ते कमी करत होते. तेव्हा एक गोष्ट त्यांना खटकली. दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करू देणारा एसएसएच हा प्रोग्रॅम चुकीच्या नावाने आलेल्यांना परत पाठवतानासुद्धा प्रोसेसरवर भलताच ताण देत होता. ज्या कामाला आधी ०.३ सेकंद लागायचे, त्याला आता ०.८ लागत होते.

अर्धा सेकंद. आपल्यापैकी बहुतेकांनी तो सोडून दिला असता. फ्रॉइंड यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्चला जगाला कळवलं की ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एसएसएचमध्ये शिरकाव करून देणारा चोरदरवाजा बसवलेला आहे. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे मदत केली होती, मूळ प्रोग्रॅमरचा विश्वास कमावला होता आणि मग हे घुसवलं होतं. डेबियनच्या आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या चाचणीच्या शाखांपर्यंत ते पोहोचलंही होतं. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत मात्र अजून पोहोचलं नव्हतं.

[दृश्य: एप्रिल २०२४ चं कॅलेंडर]

याचा तुमच्याआमच्या डेस्कटॉपशी थेट संबंध आहे. कारण पुढच्याच आठवड्यात उबुंटू या डेबियनवर बेतलेल्या लोकप्रिय लिनक्सच्या २४.०४ ची बीटा, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती, येऊ घातली होती.

उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे तिचा जन्ममहिना. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर २००४ मध्ये, आकडा ४.१०. तेव्हापासून दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला एक. २००६ च्या एप्रिलमधली आवृत्ती दोन महिने लांबली, म्हणून तिचा आकडा ६.०६. दर दोन वर्षांनी येणारी एप्रिलची आवृत्ती दीर्घ मुदतीची असते, तिला पाच वर्षं सुरक्षेच्या सुधारणा मिळतात. शाळा, कचेऱ्या आणि घरचे जुने लॅपटॉप बहुतेक याच आवृत्तीवर चालतात. २४.०४ ही तशीच.

बीटाची तारीख होती ४ एप्रिल. एक्सझेडची सदोष आवृत्ती उबुंटूच्या चाचणीच्या कप्प्यात आलेली होती, पुढे सरकली नव्हती. तरीही उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने धोका पत्करला नाही. २६ फेब्रुवारीनंतर २४.०४ साठी बांधलेली सगळी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, टाकून दिली आणि पुन्हा नव्याने बांधली. बीटा आठवडाभर लांबून ११ एप्रिलला आली. अंतिम आवृत्ती ठरल्या दिवशी, २५ एप्रिललाच, बाहेर पडली. तीन-साडेतीन आठवड्यांत हे सगळं निस्तरणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कच्ची आवृत्ती कामाला वापरणारे फ्रॉइंड नसते, तर हे निस्तरायची वेळ फार उशिरा आली असती.

[दृश्य: निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयाचे लॅपटॉप, एका रांगेत]

आता उलट उदाहरण. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० आली. चाचण्या झाल्या होत्या, तारीख पाळली होती. मग तक्रारी येऊ लागल्या. काही लॅपटॉपांवर ही आवृत्ती चढवली की बायोसमधले, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधले, बदल जतनच होईनात, काहींवर पेनड्राइव्हवरून बूटही होईना, म्हणजे यंत्रच सुरू होईना. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, इंटेलचा एक ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) सुरू ठेवल्याचा तो परिणाम होता. डिसेंबरमध्ये कॅनॉनिकलने ती आवृत्ती डाउनलोडवरून काढून घेतली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त करून परत दिली.

चाचणी करणाऱ्यांच्या हाताखाली नेमकी ती मॉडेलं नव्हती. असणार तरी कशी? लिनक्स कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही सालच्या यंत्रावर चालायला हवं अशी आपली अपेक्षा असते. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप, त्यातलं वाय-फाय कार्ड, त्याचा टचपॅड, ही अख्खी जुळणी कुठल्याच प्रयोगशाळेत नसते. ती तपासू शकणारे एकटे तुम्हीच. म्हणून नव्या आवृत्तीची पहिली भेट पेनड्राइव्हवरून व्हावी, असा माझा ठाम आग्रह आहे.

[दृश्य: पेनड्राइव्ह, बूट मेन्यू, डेस्कटॉप उघडतो]

आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी प्रणाली सामावलेली एकच फाइल, उतरवून घ्या. तिच्यासोबत दिलेला चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा, जुळवून पाहा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे लोक तासन्‌तास भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतात. मग बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहा. अनेक आवृत्त्या पाहायच्या असतील तर व्हेंटॉय उत्तम: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर आयएसओ फायली नुसत्या कॉपी करायच्या. टर्मिनलमधून डीडी (dd) ही आज्ञा वापरणाऱ्यांनी डिस्कचं नाव दोनदा वाचावं. नाव चुकलं तरी विचारायची त्या आज्ञेला सवय नाही, ती हार्डडिस्क पुसून मोकळी होते.

यंत्र सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबा. बऱ्याच यंत्रांवर ती एफ१२ असते, काहींवर एफ९ किंवा एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की काही न बसवताच सगळा डेस्कटॉप समोर येतो. ही सोय रुजवण्यात जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्स या लिनक्सचा वाटा मोठा, ती २००० साली सीडीवरून चालायची.

इथे वेग पाहू नका, पेनड्राइव्ह हार्डडिस्कपेक्षा संथच असणार. वॉलपेपरही नंतर बघू. वाय-फाय जोडा. कॅमेरा आणि माइक लावून बघा. ब्राइटनेसच्या कळा दाबा, ब्लूटूथचा हेडफोन जोडा, घरात प्रिंटर असेल तर एक पान छापा. मग झाकण बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि उघडा. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा. झोपेतून उठताना पडदा काळाच राहणं, आवाज जाणं, वाय-फाय हरवणं, हे दोष इन्स्टॉल करून आठवडा झाल्यावर कळले की माणूस वैतागून लिनक्सच सोडतो. पेनड्राइव्हवर कळले तर फक्त यंत्र बंद करायचं असतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड किंवा ब्रॉडकॉमचं वाय-फाय असेल तर इथे अडचण आली म्हणून लगेच निराश होऊ नका, त्यांचे ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळे घालावे लागतात.

[दृश्य: मजकूर टाइप होतो: दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, ॲप]

मराठी माणसाची आणखी एक परीक्षा, आणि ती मी कधीच वगळत नाही. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात मराठी जोडा. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड येत असेल तर तो, नसेल तर आयबस या टंकलेखनाच्या प्रोग्रॅमसोबत मिळणारी, उच्चाराप्रमाणे लिहिण्याची फोनेटिक पद्धत. मग चार शब्द लिहा: दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, ॲप. ‘दऱ्या’मधला आडवा र नीट जुळतोय का? की र, पाय मोडल्याची खूण आणि य, असे तिघं वेगवेगळे उभे राहतायत? ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन तर दिसत नाही? हे फक्त एका प्रोग्रॅममध्ये पाहून भागत नाही. फाइलचं नाव मराठीत देऊन बघा, टर्मिनलमध्ये बघा, लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढून बघा. आज हे शब्द बहुतेक ठिकाणी नीट उमटतात, त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित फॉन्टवर वर्षानुवर्षं केलेलं काम त्यातलंच. पण फॉन्ट बदलतो, अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम बदलतो, आणि एखाद्या आवृत्तीत जुना दोष पुन्हा डोकं वर काढतो. तो मराठी लिहिणाऱ्याच्याच लक्षात येणार.

[दृश्य: इन्स्टॉलरचा पार्टिशनचा पडदा]

सगळं जमलं तर बसवायला घ्या. आधी बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. विंडोज ठेवायचं असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते पाहा आणि त्याची रिकव्हरी की यंत्राबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. ‘होम’साठी, म्हणजे तुमच्या फायलींसाठी, डिस्कवर वेगळं पार्टिशन (कप्पा) करा असं मी नेहमी सांगते: पुढच्या आवृत्तीच्या वेळी प्रणाली पुसून नवी टाकता येते, तुमच्या फायली जागच्या जागी राहतात. बाकीच्या पडद्यांवर इन्स्टॉलर सुचवतो ते पर्याय चालतील.

आणि ज्यांचं जुनं उबुंटू छान चाललंय, त्यांनी पहिल्याच दिवशी धावायचं कारण नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर असलेल्यांना उबुंटू स्वतःहून पुढची आवृत्ती देऊ करतं ते तिची पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावर. २४.०४.१ ऑगस्ट २०२४ मध्ये आली.

[दृश्य: बगचा अहवाल, एकेक रकाना भरला जातो]

पेनड्राइव्हवर काही बिघडलेलं दिसलं तर? तेव्हाच कळवा, शक्यतो बीटाच्या काळात, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत दुरुस्ती करणारे नेमके तिथेच बसलेले असतात. उबुंटूवर टर्मिनलमध्ये ‘उबुंटू-बग’ (ubuntu-bug) ही आज्ञा आणि पॅकेजचं नाव दिलं की यंत्राचे तपशील आपोआप गोळा होतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं लिहा. ‘झाकण बंद करून उघडल्यावर आवाज येत नाही, दर वेळी असंच होतं, आधीच्या आवृत्तीत होत नव्हतं.’ शेवटचं वाक्य फार मोलाचं, शोधायचं क्षेत्र त्याने एकदम लहान होतं. अहवालाला क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. काही दिवसांनी तिथे कुणीतरी विचारेल: नवं कर्नल घालून बघाल का? तेव्हा त्याच यंत्रावर पुन्हा तपासा आणि उत्तर द्या.