ऐरोलीतून टेक्सासकडे पाहताना

[दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोलीजवळचे उच्चदाब मनोरे]

महाराष्ट्राच्या विजेची नाडी इथे, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात पाहिली जाते. आकडा एकच, विजेच्या वारंवारतेचा (फ्रिक्वेन्सी): ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली आणि निर्मिती तोकडी पडली, की तो खाली घसरतो. फारच घसरला तर वीजनिर्मिती संच स्वतःला वाचवायला एकामागून एक ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात.

[दृश्य: बर्फाखालची टेक्सासची वस्ती]

अमेरिकेत हा आकडा ६० असतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर टेक्सासमध्ये तो ५९.४ च्या खाली गेला आणि ४ मिनिटे २३ सेकंद वर आलाच नाही. ९ मिनिटं झाली असती, तर संच धडाधड बंद पडून राज्यातलं बहुतेक जाळं बसलं असतं. ते टाळायला तब्बल २०,००० मेगावॅटपर्यंत भारनियमन करावं लागलं. ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली, तीही हीटरशिवाय जगणं अशक्य अशा थंडीत. सरकारी नोंदीत मृत्यू २४६.

गोठलं काय? गॅसविहिरींची तोंडं, पाइप, वीज केंद्रांतली उपकरणं, पवनचक्क्यांची पाती. त्यात गॅस पुरवणारी कित्येक यंत्रं विजेवर चालणारी. भारनियमनात त्यांचीच वीज कापली गेली आणि वीज केंद्रांचा गॅस आणखी आटला! २०११ च्या थंडीनंतरच्या केंद्रीय अहवालाने उपकरणं थंडीपासून जपा असं बजावलं होतं. सक्ती मात्र नव्हती. शेजारून वीज मागवावी, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं नियमन नको म्हणून टेक्सासने बाहेरच्या जोडण्या मोजक्याच ठेवलेल्या.

आपल्याकडे ती अडचण नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारतही देशाच्या एकाच ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात आला. पण देशात वीज असणं वेगळं आणि ती ठाण्यापर्यंत पोहोचणं वेगळं.

[दृश्य: कळवा, रुळांवर थांबलेली लोकल]

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. कळवा-पडघा ४०० केव्हीचं एक सर्किट आधीच बंद होतं, दुसरं ट्रिप झालं. भार उरलेल्या वाहिनीवर गेला, तीही टिकली नाही. ठाणे, नवी मुंबई, मुंबई, सगळीकडे लाइट गेली. ना बर्फ, ना वादळ. वीज होती, आत आणायला वाटा उरल्या नव्हत्या.

मुंबईला आणखी एक वाट देणारी, वर्षानुवर्षं रखडलेली खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी सुरू व्हायला त्यानंतरही २०२३ चा ऑक्टोबर उजाडला.