लॉक नावाचा एक बाइट

[दृश्य: काळा पडदा. यंत्रभाषेतली एकच ओळ. तिचा पहिला बाइट लाल.]

हा लाल बाइट पाहा. एफ-शून्य. इंटेल-एएमडीच्या एक्स-८६ प्रोसेसरच्या भाषेत याचं नाव लॉक. पुढच्या सूचनेला तो बजावतो: वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं एका दमात उरकायचं, मध्ये दुसऱ्या कोणत्याही कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा, हात लागता कामा नये. यालाच अ‍ॅटॉमिक ऑपरेशन म्हणतात.

मेमरी वाटताना याची गरज का पडावी? कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, मेमरीच्या मोकळ्या तुकड्यांची यादी असते. मागणी आली की पहिला तुकडा द्यायचा आणि यादीचं तोंड दुसऱ्याकडे वळवायचं. काम एवढंच. पण दोन कोअरनी नेमकं एकाच क्षणी ते तोंड वाचलं, तर दोघांच्या हाती एकच तुकडा पडतो. एकाने तिथे फाइलची नोंद ठेवलेली असते, दुसरा तिच्यावर नेटवर्कचं पॅकेट लिहून मोकळा होतो. बिघाड उघडकीला येतो तो भलत्याच ठिकाणी आणि बऱ्याच उशिराने.

म्हणजे लॉक हवाच. पण तो फुकट मिळत नाही.

इंटेलच्या जुन्या ४८६ प्रोसेसरवर हा बाइट आला की अख्खी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी सामायिक वाट, अडवली जायची. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून शहाणपणा आला: डेटा कॅशमध्ये, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, असेल तर तेवढीच कॅश लाइन (कॅशमधला ६४ बाइटांसारखा एक ठरावीक तुकडा) धरून ठेवायची. तरीही, लाइन आपल्याच कॅशमध्ये आहे आणि भांडायला कुणी नाही, अशा सुखाच्या परिस्थितीतही इंटेलच्या अलीकडच्या कोअरवर अशी एक सूचना साधारण २० सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, खाते. एरवी प्रोसेसर लिहायचा मजकूर स्टोअर बफर नावाच्या तात्पुरत्या रांगेत टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. लॉक आला की रांग रिकामी होईपर्यंत पुढचं वाचन खोळंबतं.

[दृश्य: दोन कोअर. ६४ बाइटांचा एक चौकोन इकडून तिकडे धावतोय.]

खरी झळ बसते ती भांडण सुरू झाल्यावर. एका कोअरला लिहायचं असेल तर ती लाइन त्याच्या एकट्याच्या मालकीची व्हावी लागते. बाकीच्यांच्या कॅशमधल्या प्रती बाद होतात. लगेच दुसरा कोअर ती मागतो, की पुन्हा तेच. दुसऱ्या सॉकेटवरून, म्हणजे त्याच मशीनमधल्या दुसऱ्या प्रोसेसर चिपवरून, आणायची असेल तर शेकडो सायकल जातात. सगळ्यांनी मिळून एकच काउंटर वाढवायचा असेल, तर कोअर वाढवल्याने काम पुढे सरकत नाही, उलट रखडतं. आणि दोन वेगवेगळे काउंटर चुकून एकाच लाइनवर शेजारी बसले, तरी भांडण तेवढंच होतं! कोडकडे कितीही टक लावून पाहिलं तरी ते तिथे दिसत नाही.

मग मेमरी वाटणाऱ्यांनी काय केलं? आपापला साठा वेगळा केला. जेफ बॉनविक यांचा स्लॅब अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारी यंत्रणा, १९९४ मध्ये सनओएस या ऑपरेटिंग सिस्टममधून आला. पुढे त्याला प्रत्येक सीपीयूसाठी (इथे सीपीयू म्हणजे कोअरच) वेगळ्या साठ्याची जोड मिळाली. हातच्या साठ्यातून घ्यायचं तर कुणाला विचारायची गरजच नाही.

लिनक्सच्या स्लब या मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेत २०११ साली याची एक देखणी तऱ्हा आली. यादीचं तोंड आणि शेजारी दर व्यवहाराला बदलणारा, सीपीयूगणिक वेगळा असा एक क्रमांक, असे मिळून १६ बाइट एकाच सूचनेत तपासून बदलायचे. ही सूचना तुलना करून अदलाबदल करणारी. फक्त तिच्यापुढे लॉकचा बाइट लावायचा नाही. साठा ज्याचा त्याचा, त्यामुळे दुसऱ्या कोअरची भीती नाही. भीती असते ती त्याच कोअरवर मध्येच येणाऱ्या इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवायला लावणाऱ्या हाकेची, आणि इंटरप्ट एका सूचनेच्या मधोमध घुसू शकत नाही. काम चालू असताना टास्क दुसऱ्या सीपीयूवर हलवलं गेलं, तर क्रमांक जुळत नाही आणि पहिल्यापासून सुरुवात होते. मला तरी यातला हा गाळलेला बाइट सगळ्यात हुशारीचा वाटतो.

पण तुकडा एका कोअरने घेतला आणि परत केला दुसऱ्याने, तर? नेटवर्कच्या कामात हे सर्रास होतं. तो तुकडा परक्या साठ्यात जमा करायचा असतो, त्यामुळे तिथे लॉक लावावाच लागतो आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते.

कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामची अडचण आणखी निराळी. आपण कोणत्या कोअरवर आहोत हे त्याने विचारलं, तरी उत्तर हाती येईपर्यंत कर्नल त्याला दुसरीकडे हलवू शकतो. २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ ने यावर तोड काढली: कोडचा एक छोटा टप्पा कर्नलला आधीच सांगून ठेवायचा. त्या टप्प्यात व्यत्यय आला, तर कर्नल प्रोग्रामला अर्धवट जागी परत सोडत नाही, ठरवून दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर नेतो. तिथून तो टप्पा नव्याने सुरू करता येतो. गूगलचा टीसीमॅलॉक हा प्रोग्रामांना मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर याच आधारावर सीपीयूगणिक साठा ठेवतो, आणि त्याच्या रोजच्या वाटेवर एकही अ‍ॅटॉमिक सूचना लागत नाही.