शांघाय संघटनेत नवीन मेंबर घ्यायची घाई नको

नमस्कार मंडळी, आज शांघाय सहकार्य संघटनेवर बोलूया. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जवळपास घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं लडाखच्या बॉर्डरवर काय चाललंय ही आपल्याकडं नुसती टीव्हीवरची बातमी नसते, म्हणून हा विषय घेतला.

तर 2001 ला चीन, रशिया आणि मध्य आशियातले चार देश मिळून ही संघटना उभी राहिली, 2017 ला आपण आणि पाकिस्तान एकाच वेळी आत गेलो, मग 2023 ला इराण, 2024 ला बेलारूस, असे आता दहा मेंबर झालेत. बाहेर रांग आहेच. अझरबैजानला यायचंय, आर्मेनियाला पण यायचंय, आणि हे दोघं काराबाख या प्रदेशासाठी किती वर्षं एकमेकांशी लढलेत!

आता खरी गोम ऐका. इथं मतदान नसतं, सगळ्यांची संमती लागते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपात एका भावानं सही अडवली की सगळं जागच्या जागी राहतं ना, तसंच हे. जून 2025 ला चीनमधल्या चिंगदाओत संरक्षणमंत्री जमले, निवेदनात पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याचा उल्लेख नव्हता म्हणून राजनाथ सिंहांनी सही केली नाही, अगदी बरोबर केलं, आणि निवेदन निघालंच नाही. पुढं सप्टेंबरात चीनमधल्याच तियानजिनच्या शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात पहलगामच्या हल्ल्याचा निषेध आला. पण सही अडवायची हीच ताकद पाकिस्तानकडं पण आहे, आणि उद्या आत येणाऱ्या प्रत्येकाकडं असणार.

बरं, संघटनेचं दहशतवादाविरुद्धचं ऑफिस ताश्कंदला आहे, दहशतवादाविरुद्धचा करार 2001 पासूनचा आहे, तरी मेंबरांमधली भांडणं मिटवायला संघटना कुठं पुरी पडते? लडाखमधल्या गलवानला 2020 मध्ये समोरासमोर आलेले आपण आणि चीन, दोघंही मेंबरच. 2022 ला समरकंदला शिखर परिषद चालू होती आणि त्याच दिवसांत किर्गिझस्तान-ताजिकिस्तानच्या सीमेवर गोळीबार चालू होता, माणसं मेली, गावं रिकामी झाली. सीमेचा करार शेवटी मार्च 2025 ला त्या दोघांनीच आपसांत बसून केला.

म्हणून मला मनापासून वाटतं, नवीन देशांशी व्यापार करा, रेल्वे जोडा, पण सहीचा हक्क इतक्यात देऊ नका. तियानजिनला निरीक्षक आणि संवाद भागीदार हे मेंबर नसलेल्या देशांचे दोन वर्ग मिळून 'भागीदार' असा एकच वर्ग केलाय, लाओसला त्यातच घेतलंय, अझरबैजान आणि आर्मेनियालाही सध्या तिथंच राहू द्या. मंगोलिया 2004 पासून निरीक्षक होता, पूर्ण मेंबर कधी झाला नाही, तरी बैठकांना येतोच की.