ऑर्गनची पट्टी दाबणं सोपं, सोडणं अवघड

नमस्कार मंडळी! सोलापुरातून बोलतोय. पंखा बंद आहे, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज येतो म्हणून. मागच्या व्हिडिओच्या शेवटी वाजवलेला तो संथ तुकडा कुठला, हे अजून विचारताय तुम्ही.

जर्मन संगीतकार बाख. 'इश रूफ झू दिर, हेर येझू ख्रिस्ट', म्हणजे 'प्रभू येशू ख्रिस्ता, तुला हाक मारतो'. बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही 639. जर्मनीतल्या वायमारला असताना, म्हणजे 1708 ते 1717 या काळात, जमवलेल्या 'ऑर्गेलब्यूखलाइन' या छोट्या ऑर्गन-रचनांच्या संग्रहातली रचना. उजव्या हातात प्रार्थनेची जुनी चाल, डाव्या हातात अखंड धावते सूर, पायात खर्ज. तीनच ओळी. 'सोलारिस' सिनेमात ऐकलंय असं लिहिणारे बरोबर आहेत.

आता अडतं कुठे ते बघा. ऑर्गन म्हटलं की आपल्याला नाटकातली पायपेटी आठवते. एका दादांनी लिहिलंय, "पाय पायपेटीवरही मारतातच की." मारतात, पण भात्यासाठी. चर्चच्या पाइप ऑर्गनला पायाखालीही पट्ट्या असतात, पाय सूर वाजवतात. भाते बाखच्या काळी दुसरी माणसं चालवायची, आता विजेचा ब्लोअर असतो.

म्हणून पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच! पेटी शिकलेल्या मुलांना हे पटतच नाही. हळवी जागा आली की बोट हलकं करतात. अरे, पट्टी दाबली की झडप उघडते, नळीत हवा शिरते, आणि बोट उचलेपर्यंत सूर तसाच राहतो. तुमच्या हातात आहे ते उचलणं.

पायातली ओळ घ्या. तोच सूर लागोपाठ येतो. मधे फट नसेल तर नुसती लांबलचक घरघर. फट जास्त झाली तर ठोके पडतात, प्रार्थना मोडते. डाव्या हातात उलट, सूर एकमेकांत ओघळले पाहिजेत. आणि उजव्या हातात गाणारा जिथे श्वास घेईल तिथेच बोट उचला.

"सर, सॉफ्ट वाजवा ना." सॉफ्ट आधीच ठरतं, स्टॉप निवडताना, म्हणजे कुठल्या नळ्या वाजणार ते ठरवणाऱ्या खुंट्या निवडताना. हाताला आठ फुटी बासरीचा, पायाला सोळा फुटी हलका (फूट म्हणजे नळीच्या लांबीवरून पडलेलं नाव), एवढं पुरे. आणि कीबोर्डवर सस्टेनचा, म्हणजे बोट उचललं तरी सूर लांबवणारा, पेडल दाबून हे वाजवू नका, हात जोडून सांगतो. सगळ्या फटी बुजतात, मग उरतं काय?

खरा पाइप ऑर्गन बघायचाय? रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा. मुंबईत, फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे.

तोवर घरी हे करा. माझ्या एका विद्यार्थ्याला मी कीबोर्डचा आवाज पूर्ण बंद करायला लावला आणि पायातली ओळ एका बोटाने वाजवायला सांगितली. पट्टी वर येताना बारीक टक् होते, तेवढीच ऐकायची. फट कधी अरुंद, कधी रुंद, त्याला लगेच कळलं. टक् सारख्या अंतराने यायला लागली की मगच आवाज चालू करा, आणि मगच डावा हात जोडा.