डिकल चंदेरी का पडतं? दोष डिकलचा नाही!

नमस्कार मंडळी. आधी ही दोन मॉडेलं बघा, मग बोलू.

(पहिलं मॉडेल कॅमेऱ्याजवळ धरून) ही माझदा ७८७बी. १९९१ ची ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली, ५५ नंबरची, नारिंगी-हिरवी गाडी. टामिया या जपानी कंपनीचं जोडायचं किट, १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. बाजूची अक्षरं बघा. ही डिकलची आहेत, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील चित्राची. डिकल कुठं संपलं आणि रंग कुठं सुरू झाला, काही कळत नाही. छापल्यासारखं बसलंय.

(दुसरं मॉडेल धरून) आणि ही माझी सुरुवातीच्या दिवसांतली गाडी. अक्षरांच्या भोवती हे धुरकट चौकोन दिसले? उजेडात थोडी फिरवतो. बघा, माशाच्या खवल्यासारखं चमकतंय. याला सिल्व्हरिंग म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणू, डिकल चंदेरी पडलं.

गेल्या तीन व्हिडिओंच्या खाली सगळ्यात जास्त हाच प्रश्न आलाय. 'दादा, डिकलभोवती पांढरं दिसतंय, कुठल्या कंपनीचं डिकल घेऊ?' एकानं विचारलंय, 'खालून फेविकॉल लावला तर चालेल का?' नाही, अजिबात चालणार नाही. डिकलला स्वतःचा गोंद असतो.

पायऱ्या पटकन सांगतो, त्या तुम्हाला माहीत आहेत. स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, भाग निपरनं कापा, उरलेली खुंटी वॉटर पेपरनं घासा, बॉडी भांड्याच्या साबणानं धुवा, वाळवा, प्रायमर म्हणजे अस्तराचा थर, मग रंग. झालं. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे.

माझं म्हणणं एकच आहे. डिकल बिघडलेलं नसतं, डिकलच्या खालचा रंग बिघडलेला असतो.

बाथरूमच्या खिडकीची धुरकट काच आठवा. तिच्या खरखरीत बाजूवरून ओला हात फिरवला की पलीकडचं दिसायला लागतं. काच तीच आहे. खरखरीत खाचांमध्ये आधी हवा होती, तिच्यामुळं उजेड इकडंतिकडं पसरत होता. खाचांत पाणी भरलं आणि उजेड सरळ जायला लागला. डिकलचं अगदी तसंच आहे. डिकल म्हणजे पारदर्शक पातळ पापुद्रा. तो खरखरीत रंगावर बसवला की खाली बारीक बारीक हवा अडकते आणि तेवढी जागा चंदेरी दिसते. रंग काचेसारखा गुळगुळीत असेल तर हवेला जागाच राहत नाही. म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चमकदार पारदर्शक रंगाचा, थर द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मॉडेल नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय? मग वाळलेलं नाही. मी लॅकर क्लिअरला निदान दोन दिवस देतो.

आता सोलापूरचं दुखणं. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून आपण शिकतो. ते लोक सांगतात, स्प्रेचा कॅन कोमट पाण्यात ठेवा, म्हणजे फवारा बारीक येतो. त्यांच्या थंडीत ते बरोबर आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. इथं कॅन गरम करायचा नाही, आणि गच्चीवर उन्हात तर ठेवायचाच नाही. दाबाखालचा कॅन आहे तो, फुटला तर इजा होईल.

त्यात आपल्या उन्हाळ्यात रंगाचा थेंब बॉडीवर पोचेपर्यंत हवेतच निम्मा वाळतो. मग तो पसरत नाही, रव्यासारखा बसतो. लांबून रंग छान दिसतो, बोट फिरवलं की खरखर लागते. त्याच खरखरीवर आपण डिकल लावतो आणि नाव डिकलचं खराब होतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पहाटे साडेपाच-सहाला रंगवतो. एअरब्रश असेल तर रिटार्डर असलेला थिनर वापरा, म्हणजे रंगाला पसरायला वेळ मिळतो. कॅन असेल तर थोडा जवळून, हात न थांबवता मारा.

हे मला कळलं कसं, ते सांगतो. ही जुनी गाडी मी आमच्या वडिलांना दाखवली होती. वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलं, टॉवेल आणि चादरी. त्यांना शर्यतीच्या गाड्यांमधलं काही कळत नाही. पण त्यांनी गाडी हातात घेतली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि म्हणाले, "याचा पोतच खराब आहे रे. वरचं चित्र काय करणार?" कापडातला दोष ते असाच बघायचे, समोरून कधीच नाही, उजेडात तिरकं धरून. मी मात्र महिनाभर डिकलला नावं ठेवत होतो. त्या दिवसापासून माझी तपासणी हीच. ग्लॉस वाळला की मॉडेल ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं. बॉडीमध्ये ट्यूबची रेघ सुरीच्या धारेसारखी स्वच्छ दिसली तर डिकलला हात घालायचा. रेघेच्या कडा फुटलेल्या दिसल्या तर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा आणि अजून एक थर द्या.

यावर एकानं तळमळीनं लिहिलंय, 'खऱ्या गाडीचा रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचा आहे, मग मी ग्लॉस का मारू? मॉडेल खोटं दिसेल.' शंका रास्त आहे. पण ग्लॉस शेवटपर्यंत ठेवायचा कुणी सांगितलाय? आधी ग्लॉस, त्यावर डिकल, ते वाळलं की सगळ्यावरून मॅट. गाडी मॅटच दिसेल आणि डिकलही चंदेरी पडणार नाही. मॅट रंगावर थेट डिकल लावणं म्हणजे त्या धुरकट काचेवरच चिकटवणं. काळ्या मॅट भागावर तर हे सगळ्यात जास्त दिसतं. मी परत सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात परत हाच प्रश्न येणार आहे: आधी ग्लॉस, मग डिकल.

आता लावताना. पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मग बरेच जण बोअरचं वापरतात. ते जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, आणि तुम्हाला वाटतं हेही सिल्व्हरिंगच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असतं ना, तेच घ्या. एक कॅन वर्षभर पुरतो. डिकल दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून फरशीच्या तुकड्यावर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगू देऊ नका, गोंद धुऊन जातो. बॉडीवर आधी मायक्रो सेट, डिकल बसवायचं द्रव, निळ्या लेबलची बाटली. डिकल सरकवून जागेवर आणा, ओल्या ब्रशनं मधून बाहेर पाणी काढा. मग वरून मायक्रो सोल, डिकल मऊ करणारं द्रव, लाल लेबल. आता डिकलला सुरकुत्या पडतील. पडू द्या, हात लावू नका. ते मऊ झालंय, बोट लागलं की फाटलं. अर्ध्या तासात आपोआप ताणून बसतं.

टिपायला टॉवेल घेऊ नका. सोलापुरी टॉवेलचं मला प्रेम आहे, आमचं घर त्यावर चाललं. पण त्याची लव सुटते. हिशोब करा: १/२४ मॉडेलवर पाच मिलीमीटरचा तंतू म्हणजे खऱ्या गाडीवर बारा सेंटीमीटरची दोरी. ज्यांच्या घराजवळ माग चालतात त्यांच्या हवेतच सूत असतं. मी रंगवायच्या आधी खोलीत पाणी शिंपडतो, फरशी ओल्या फडक्यानं पुसतो, पंखा बंद ठेवतो. रंगवून झालं की मॉडेलवर प्लॅस्टिकचा डबा उपडा. टिपायला चष्म्याचं फडकं वापरा.

बार्शीच्या एका मित्राची फर्माईश दोन वर्षांपासून चालू आहे, नारायण कार्तिकेयनची जॉर्डन संघाची पिवळी गाडी बनवा. मलाही फार इच्छा आहे हो. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाले सगळे संघ माघारी फिरले, सहाच गाड्या धावल्या आणि आपला माणूस चौथा आला, पाच गुण मिळाले. लोक म्हणतात, सहातच चौथा. पण त्या दिवशी जे धावले त्यांच्यात तो होता, आणि ते पाच गुण त्याच्या नावावर आहेत. ती गाडी मी करणार, डिकल जमवतोय. तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा, पिवळा रंग झाकत नाही. करड्या प्रायमरवर तो मळकट हिरवट दिसतो. खाली पांढरा द्या, नाहीतर फिका गुलाबी. गुलाबीवर पिवळा उबदार येतो, एकदा टाकाऊ चमच्यावर करून बघा.

जुन्या किटबद्दलही विचारलंय. डिकलचा कागद पिवळा पडला असेल तर झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, चित्राची बाजू उन्हाकडं. काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. इथं आपलं ऊन कामाला येतं. मात्र रोज बघत राहा, आणि वापरण्याआधी नको असलेला एखादा तुकडा पाण्यात टाका. त्याचे तुकडे पडले तर पूर्ण कागदावर क्लिअरचा थर देऊन मगच कापा.

शेवटच्या क्लिअरबद्दल घाईत एकच. टामियाच्या टीएस-१३ स्प्रेसारखा लॅकर क्लिअर पहिल्याच हाताला ओला मारलात तर डिकल विरघळेल. सुरुवातीचे दोन-तीन हात धुक्यासारखे, लांबून. आणि ढीगभर थर नकोत. मॉडेलवर ०.१ मिलीमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलीमीटर जाड रंग, गाडी पाकात बुडवल्यासारखी दिसते.

आता ज्यांचं आधीच चंदेरी पडलंय त्यांच्यासाठी. उपटून काढू नका. (जुनी गाडी परत हातात घेऊन) बारीक सुई घ्या, नाहीतर नवं ब्लेड. चंदेरी भागात अगदी हलकी टोचणी करा, रंगापर्यंत खोल नको. वरून ब्रशनं मायक्रो सोलचा थेंब. तो छिद्रांतून खाली उतरतो, हवेची जागा घेतो आणि पापुद्रा खाली बसतो. वाळू द्या, मग परत बघा. दोन-तीन वेळा करावं लागतं. सगळं जाईलच असं नाही, पण निम्म्याहून जास्त जातं. हे अक्षर मी तुमच्यासमोर करतो, कॅमेरा जवळ घेतो. ही टोचणी... आणि हा थेंब. दिसतंय का? कडेनं आतला रंग गडद व्हायला लागलाय.